ती आली टाइम मॅनेजमेंट शिकायला, आजारी निघाला नवरा

नोकरी करणाऱ्या आईबाबांचं काउन्सेलिंग हे माझं रोजचं काम. ही केस लिहायचं गेले सहा महिने डोक्यात होतं पण हात धजत नव्हता, कारण हिच्यात माझीच एक चूक आहे आणि ती गाळून लिहायची तर मग लिहायचंच कशाला. दोघांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तिचं वय ३६, एका कंपनीत अकाउंट्सची टीम सांभाळते. तो ३८, कस्टमर सपोर्टमध्ये शिफ्ट सुपरवायझर. मुलगी ६ वर्षांची, मुलगा १४ महिन्यांचा, दिवसा पाळणाघरात असतो. दोघांचीही नोकरी पूर्णवेळ आणि घरात तिसरं मोठं माणूस नाही.

पहिली तीन सेशन्स

ती आली तीच लॅपटॉप उघडून. स्क्रीनवर एक एक्सेल शीट, सकाळी पावणेसहा ते रात्री साडेअकरा, अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन आणि प्रत्येकाला रंग. म्हणाली, "मॅडम, यात कुठे चुकतंय तेवढं सांगा, मला टाइम मॅनेजमेंट जमत नाहीये." मी ती शीट बराच वेळ बघत बसले आणि खरं सांगायचं तर चूक काहीच नव्हती, माझ्या स्वतःच्या दिवसापेक्षा ती शीट चांगली होती. फक्त त्यात रिकामा चौकोन एकही नव्हता, म्हणजे मुलाला ताप आला की अख्खा आठवडा कोसळणार. आणि पाळणाघरातलं बाळ म्हटल्यावर ताप येणारच.

झोप साडेपाच तास, तीही तुटक. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. ऑफिसच्या बाथरूममध्ये दोनदा रडून झालेलं. मुलीवर ओरडते आणि मग रात्री तिच्या पायाशी बसून राहते. "मला बर्नआउट झालाय" असं तीच म्हणाली. आता हा शब्द सगळेच वापरतात म्हणून थोडं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलंच नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं, त्यात तीन गोष्टी येतात, प्रचंड थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काम नीट होत नाही ही भावना. आणि तो शब्द फक्त नोकरीपुरताच वापरायचा असंही तिथे लिहिलंय. माझी भीती अशी की बर्नआउट म्हणायला सोपं, त्याच्यात इज्जत जात नाही, म्हणून त्याच्याखाली डिप्रेशन लपून राहतं. त्यामुळे मी पहिल्याच दिवशी प्रश्नावल्या भरून घेते. तिचा पीएचक्यू-९ चा स्कोअर आला ११ आणि जीएडी-७ चा १४. पहिली डिप्रेशनसाठी, ९ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, स्कोअर ० ते २७, दहा किंवा त्याच्या पुढे गेला की नीट बघायचं. दुसरी चिंतेसाठी, ७ प्रश्न, ० ते २१. या प्रश्नावल्या म्हणजे निदान नव्हे, पण चर्चा कुठून सुरू करायची ते कळतं. तिचं दोन्हीकडे मध्यम, चिंतेचं तर वरच्या टोकाला.

मग मी तिला एक काम दिलं. आठवडाभर, काम करताना नाही तर डोक्यात एखादी गोष्ट आली की लिहायची, बस. लसीची तारीख, शाळेच्या फॉर्मवर सही, बूट लहान झालेत, नखं, पाळणाघराची सुट्टी आणि आपली मंथएंड, म्हणजे महिन्याचे हिशेब बंद करायची गडबड, एकाच दिवशी आलीये, असं सगळं. चार दिवसांत ४३ ओळी झाल्या आणि तिने पुढे लिहिणं सोडलं, म्हणाली लिहायलाही वेळ लागतो. मी विचारलं यातल्या किती त्याच्या डोक्यात असतील? ती हसली. "तो करतो ना, सांगितलं की सगळं करतो."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. आपल्याकडे सांगकाम्या ही शिवी आहे, पण नवऱ्याबद्दल तीच गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ मध्ये घर चालवताना डोक्यात जे काम चालू असतं त्याचे चार तुकडे करून दाखवले, आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं की नाही बघणं. ठरवताना दोघं असतात. पहिला आणि शेवटचा तुकडा मात्र बहुतेक बायकांच्या डोक्यात, आणि तोच दिसत नाही, त्याला शीटमध्ये चौकोन नसतो. तिला हे सांगितलं तर एकदम पाणी आलं डोळ्यात, आणि मला वाटलं चला सापडलं. केस माझ्या डोक्यात तयार झाली, थकलेली बायको आणि निवांत नवरा, आता नवऱ्याला बोलवायचं, कामं वाटायची. माझी चूक ती हीच. तीन सेशन्समध्ये मी त्याच्याबद्दल "मदत करतो का" याच्या पलीकडे एकही प्रश्न विचारला नव्हता. त्याची झोप? नाही विचारली. त्याची शिफ्ट? बदलती आहे एवढंच माहीत होतं.

चौथं सेशन

तो आला. वेळेवर, नीटनेटका, मोबाइल बंद करून ठेवला. मी जे जे म्हणेन त्याला मान डोलावत होता. "बरोबर आहे तिचं." "हो, ते मी करायला पाहिजे." माझ्या नोट्समध्ये मी त्या दिवशी लिहिलंय, सहकार्य करतो, पुढाकार नाही. वाचताना आता लाज वाटते.

तीच मध्ये बोलून गेली, तक्रारीच्या सुरात, "आणि हा घरी येतो ना, तर खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून राहतो अर्धा अर्धा पाऊण पाऊण तास, मला खिडकीतून दिसतं, वर दोन मुलं रडतायत आणि हा मोबाइल बघत बसलाय." मी त्याच्याकडे बघितलं, तो खुर्चीच्या हातावरून नख फिरवत होता. विचारलं, मोबाइलवर काय बघता? म्हणाला, "काही नाही. चालू पण नसतो."

तिला बाहेर बसायला सांगितलं. पाच मिनिटं तो गप्प होता, मीही. मग म्हणाला, "वर गेलो की माझ्यामुळे कोणाचं तरी काहीतरी बिघडणार. ती थकलेली, मुलगी घाबरते मला. मी नसतो तेव्हा त्यांचं बरं चाललेलं असतं." शेवटचं वाक्य ऐकून मी पेन खाली ठेवलं. पीएचक्यू-९ भरून घेतला, १७ आला, म्हणजे मध्यमच्या पुढे, तीव्रच्या अलीकडे. आणि नववा प्रश्न, मेलेलं बरं किंवा स्वतःला काही करून घ्यावं असं वाटतं का, त्यावर त्याने "काही दिवस" वर खूण केली होती.

इथे थांबून सांगते, कारण या प्रश्नाला लोक घाबरतात. सरळ विचारल्याने माणसाच्या डोक्यात आत्महत्येचा विचार घुसत नाही, उलट बहुतेकांना हलकं वाटतं की बरं झालं कोणी विचारलं. मी सरळ विचारलं. काही ठरवलंय का, कसं, कधी, आधी कधी प्रयत्न केलाय का. नाही, नाही, नाही. "फक्त वाटतं की सकाळी जाग येऊ नये." मग तिथेच बसून आम्ही सुरक्षिततेचा प्लॅन लिहिला, एका पानाचा, त्याच्या स्वतःच्या शब्दांत. असं वाटायला लागलं हे कशावरून ओळखायचं, तेव्हा लगेच काय करायचं, कोणाजवळ जाऊन बसायचं, कोणाला फोन करायचा, डॉक्टर आणि हेल्पलाइनचा नंबर, आणि घरात धोक्याचं काही हाताशी राहणार नाही याची सोय. त्याच्या होकाराने बायकोला आत बोलावून त्याच दिवशी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग त्याला म्हणाली, "मला वाटलं तुला आमचा कंटाळा आलाय." सायकिॲट्रिस्टची वेळ तिसऱ्या दिवशीची मिळाली.

नंतर उलगडत गेलं ते असं की हे सगळं मुलगा पाच महिन्यांचा असल्यापासून चालू होतं. बाळंतपणानंतर तिच्याकडून डिप्रेशनची प्रश्नावली भरून घेतली होती, त्याला कोणी काही विचारलं नाही, का विचारतील. पण जेम्स पॉलसन आणि शारनेल बेझमोर यांनी २०१० मध्ये ४३ अभ्यास एकत्र करून बघितले होते, तेव्हा बायकोच्या गरोदरपणापासून बाळाच्या पहिल्या वर्षापर्यंत दर दहातल्या साधारण एका बापाला डिप्रेशन असल्याचं दिसलं, सगळ्यात जास्त बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना, आणि आई-बाप दोघांच्या डिप्रेशनचा एकमेकांशी संबंधही दिसला. हा पेपर मी वाचलेला होता बरं का. वाचलेला असून समोर बाप आला तेव्हा मला फक्त आळशी नवरा दिसला. पुरुषांमध्ये ते बऱ्याचदा रडण्यातून दिसत नाही, चिडचिड, गप्प बसणं, घराबाहेर राहणं, कामात बुडून घेणं असं दिसतं आणि घरच्यांना तो स्वभावच वाटतो.

शिफ्टचं गणित

त्याचा रोस्टर, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, दर रविवारी संध्याकाळी यायचा, सोमवारपासूनचा. कधी सकाळची, कधी दुपारची, महिन्यात एक आठवडा रात्रपाळी. म्हणजे उद्या मुलीला शाळेत कोण सोडणार हे आज संध्याकाळी कळणार! तिच्या त्या सुंदर शीटमध्ये त्याचं नाव का नव्हतं ते मला आत्ता समजलं. तो कधी असेल ते माहीतच नसायचं, म्हणून तिने त्याला वजा करूनच सगळं बसवलं होतं, आणि त्याला ते दिसत होतं. माझी या घरात गरज नाही असं त्याला वाटायला दुसरा पुरावा कशाला लागतो.

डॅनियल श्नायडर आणि क्रिस्टन हार्कनेट यांनी अमेरिकेतल्या दुकानं आणि खाद्यसेवा क्षेत्रातल्या कामगारांवर काम केलंय, २०१९ चं, त्यात पगार कमी असण्यापेक्षाही वेळापत्रक बेभरवशाचं असण्याचा मानसिक ताण आणि खराब झोपेशी जास्त घट्ट संबंध दिसला. माझा अनुभवही तोच आहे, लोक किती तास काम करतात हे विचारतात, पण उद्याचे तास आज माहीत असतात का हे कोणी विचारत नाही.

काम आणि घर यांची टक्कर तीन प्रकारची असते असं ग्रीनहाउस आणि ब्युटेल या दोघांनी १९८५ मध्ये मांडलं होतं, वेळेची, ताणाची आणि वागण्याची. वेळेची सगळ्यांना दिसते. ताणाची म्हणजे शरीर घरी, डोकं तिकडेच. तिसरी मजेशीर आहे, म्हणजे मजेशीर नाही खरंतर. त्याचं कामच चिडलेल्या कस्टमरशी थंड आवाजात बोलायचं आणि टीमकडून नियम पाळून घ्यायचे. मुलगी रडायला लागली की तो तिला म्हणायचा, "तुझा मुद्दा मला समजला." सहा वर्षांच्या पोरीला! ती अजून जोरात रडायची.

सायकिॲट्रिस्टनी त्याच्या आधी रक्ताच्या तपासण्या केल्या, थायरॉईड वगैरे, कारण त्यानेही असं होऊ शकतं. त्या नॉर्मल आल्या. मग डिप्रेशनची गोळी सुरू केली. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली आणि "काही फरक नाही" म्हणून तो सोडायच्या बेतात होता. या गोळ्यांना परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरं वाटायला लागलं तरी पुढे कित्येक महिने चालू ठेवाव्या लागतात, मनाने बंद करायच्या नसतात, हे सुरुवातीलाच नीट सांगितलं नाही तर अर्धे लोक मध्येच सोडतात असं मला वाटतं.

ऑफिसचं काय केलं

दोघांच्याही कंपन्यांत वेलनेसच्या नावाने वेबिनार होते, मेडिटेशनचं ॲप होतं, तिने तर तीस दिवसांचं चॅलेंज पूर्ण केलेलं, रात्री साडेअकराला. यावर मी फार बोलत नाही, फक्त एवढंच की विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०२४ मध्ये मांडलं की असे एकेकट्याने करायचे कार्यक्रम घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा काही बरे दिसत नाहीत. तो अभ्यास एका वेळच्या फोटोसारखा आहे, त्यावरून कार्यक्रम कोणालाच लागू पडत नाहीत असं म्हणता येत नाही. पण २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही कामाच्या पद्धतीत बदल आणि मॅनेजरना प्रशिक्षण हे येतंच, सगळं कर्मचाऱ्याच्याच गळ्यात नाही.

त्याच्या मॅनेजरला काय सांगायचं यावर आमचं एक पूर्ण सेशन गेलं. आजाराचं नाव सांगायचं नाही असं त्याने ठरवलं, तो त्याचा हक्क. डॉक्टरांच्या चिठ्ठीत एवढंच, वैद्यकीय कारणास्तव १२ आठवडे एकच ठरलेली शिफ्ट, रात्रपाळी नको. मोघम "थोडं ॲडजस्ट करा" म्हणून मागितलं की मोघमच मिळतं, म्हणून मागणी एका ओळीत बसेल अशी हवी. मॅनेजरचं पहिलं उत्तर आलं, "मग सगळेच मागतील." दहा दिवस तसेच गेले. आणि मग टीममधल्याच दुसऱ्या एका सुपरवायझरला कायम रात्रपाळीच हवी होती, त्याच्या घरच्या कारणाने, आणि तो दोन वर्षं मागून थकला होता! अदलाबदल झाली, प्रश्न सुटला. यात माझं कर्तृत्व शून्य, कंपनीचंही शून्य, नशीब म्हणा. पण असा रात्रपाळी हवी असलेला माणूस प्रत्येक टीममध्ये असू शकतो आणि विचारलंच जात नाही, तेही खरं.

तिच्याकडे मंथएंड हलवणं शक्यच नव्हतं. तिच्या मॅनेजरने एक गोष्ट केली, संध्याकाळी साडेपाचनंतरच्या मीटिंग बंद, आणि स्वतःही साडेपाचला उठायला लागला. स्वतः उठला म्हणून ते टिकलं, नाहीतर तोंडाने जा जा म्हणणारे आणि स्वतः नऊला मेल टाकणारे कमी नाहीत.

घरात

शिफ्ट ठरल्यावरच कामाची वाटणी काढली, आधी नाही. आणि कामं वाटलीच नाहीत, खाती वाटली. शाळा हे पूर्ण खातं त्याचं. शाळेचे मेसेज त्याच्या फोनवर, बूट लहान झालेत हे त्यानेच ओळखायचं, तिने आठवण करायची नाही. हा शेवटचा भाग तिला सगळ्यात जड गेला. दुसऱ्याच आठवड्यात तो खेळाचा गणवेश विसरला, मुलगी रडत घरी आली, ही रात्री मला मेसेज करते, "मला आदल्या रात्री माहीत होतं. मी बोलले नाही. मी वाईट आई आहे का?" मी म्हटलं नाही, पण सोपं नाहीये हे मान्य. बायकाच सोडत नाहीत म्हणून नवरे करत नाहीत असं काही लोक यावरून म्हणतात, मला ते अर्धंच पटतं, कारण गणवेश विसरला तर शाळा आजही फोन आईलाच करते.

आजारी माणसावर एक पूर्ण खातं टाकायचं का, हा प्रश्न मलाही होता. डॉक्टरांशी बोलून तीन आठवडे थांबलो, मग एकच खातं दिलं. त्याचा उलटा फायदा झाला, "मी नसलो तरी चालतं" याला पहिल्यांदा तडा गेला, कारण आता शाळेचं त्याच्याशिवाय चालत नव्हतं.

गाडीत बसणं बंद नाही केलं. तिला वाटलं मी आता सांगेन की सरळ वर ये. मी म्हटलं बसा, पंधरा मिनिटं, पण मेसेज करून, "खाली आलोय, सव्वासहाला वर." कामातून घरात शिरायला मधे थोडी जागा लागतेच. चोरून बसला की ती पळवाट वाटते, सांगून बसला की घड्याळाप्रमाणे दार वाजतं. तिलाही तशीच पंधरा मिनिटं दिली, तो वर आल्यावर, दार लावून. पहिले काही दिवस ती त्यात कपडे आवरायची, मला कबूल केलं नंतर.

मुलीला काय सांगायचं यावर दोघांचं एकमत होईना. शेवटी त्यानेच सांगितलं, झोपवताना, "बाबाला बरं नव्हतं, मनाचा आजार असतो एक, तुझ्यामुळे झाला नाही, डॉक्टर औषध देतायत." तिने विचारलं, ताप आहे का? मग झोपली. एलेन गॅलिन्स्की या संशोधक बाईंनी हजाराहून जास्त मुलांना विचारून १९९९ मध्ये लिहिलंय की आईबाबांना वाटतं मुलांना आपला जास्त वेळ हवा असेल, आणि मुलांनी त्याहून जास्त मागितलं ते हे, की त्यांनी कमी थकलेलं, कमी टेन्शनमध्ये असावं. हे मी दोघांना सांगितलं नाही तेव्हा, अजून एक अपराधी भावना कशाला.

आकडे आणि पुढे

त्याचा स्कोअर १७ वरून सहा आठवड्यांनी ११, बारा आठवड्यांनी ६. नववा प्रश्न चौथ्या आठवड्यापासून शून्य, तरी दर वेळी विचारतेच. तिचा ११ चा ७ झाला, चिंतेचा १४ चा ८. तिचे कामाचे तास आठवड्याला जेमतेम दोनने कमी झाले, झोप मात्र तासाभराने वाढली.

तेराव्या आठवड्यात चिठ्ठीची मुदत संपली आणि रोस्टर परत रविवार संध्याकाळचा झाला, कारण रात्रपाळीवाला दुसऱ्या टीममध्ये गेला. पाचव्या महिन्यात त्याचा स्कोअर १२. गोळी चालू आहे, डॉक्टरांनी डोस बघितला, नवी चिठ्ठी दिली. या वेळी त्याने रोस्टर किमान दोन आठवडे आधी मिळावा असं पत्र टीममधल्या अजून पाच जणांना घेऊन लिहिलंय, त्यातले तीन जण लहान मुलांचे बाप. उत्तर अजून आलेलं नाही. पुढची भेट बुधवारी आहे, दोघं येणार म्हणालेत, त्याची शिफ्ट सकाळची लागली तर.